दुसऱ्या लग्नाच्या मुलाला अनुकंपावर नोकरी मिळते का? मामेभावासाठी विचारतेय

गोदाकाठ
नमस्कार मंडळी.
माझे मामा मराठवाड्यातल्या एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. गेल्या वर्षी नोकरीत असतानाच हृदयविकाराने गेले. मागे मामी, आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा आणि शाळेत शिकणारी मुलगी. घर भाड्याचं, शेत नाही. मामी ब्लाउज शिवून देते, त्यावर चाललंय.

गुंता असा की ही मामांची दुसरी बायको. पहिलं लग्न गावाकडे झालं होतं. दोघांचं जमलं नाही, चार पंच बसले, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली, एकीकडे सही, एकीकडे अंगठा. कोर्टात कोणी गेलंच नाही. पहिल्या मामींना एक मुलगी आहे, ती आजोळी वाढली, आता तिचंही लग्न झालंय. मामांनी नंतर देवळात दुसरं लग्न केलं आणि संसार केला तो या मामीबरोबर.

मामेभाऊ अनुकंपाचा अर्ज घेऊन गेला तर आस्थापना शाखेत कागद हातातसुद्धा घेतला नाही. "दुसरीचा ना तू? मग बसत नाही." बस्स. लेखी काही नाही.

पोरगं तेव्हापासून गप्प झालंय. बाप गेला त्याचं दुःख करायलाही त्याला वेळ मिळाला नाही, आणि वर हे ऐकावं लागलं. आईबापांनी लग्न कसं केलं याची शिक्षा मुलाला का? कायदा खरंच असं म्हणतो का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

पाटील_उदगीरकर
लेखी नाही म्हणजे नकार नाहीच. अर्ज आवक-जावकला टाका आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. मुदत सरकारी खात्यासाठी थांबत नाही, तुमच्यासाठीही थांबणार नाही.

वकील_शमी
गोदाकाठ, तुमच्या मामेभावाला जे सांगितलं ते कायद्याला धरून नाही. जरा सविस्तर लिहिते, कारण हे दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पहिला जोडीदार हयात असताना आणि लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न कलम ११ खाली मुळातच रद्दबातल. पण त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की अशा लग्नातून झालेली मुलं औरस. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हे अगदी स्पष्ट आहे: लग्न रद्दबातल असलं तरी मूल औरस, मग कोर्टाने तसं जाहीर केलेलं असो वा नसो.

नोकरीबद्दलचा मोठा निकाल ११ डिसेंबर २०१८ चा, त्रिपाठी प्रकरण. रेल्वे बोर्डाचं १९९२ चं परिपत्रक होतं की प्रशासनाच्या परवानगीशिवाय केलेल्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांचा अनुकंपासाठी विचार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं ते एवढंच: कायदा ज्यांना औरस म्हणतो त्यातल्या काही मुलांना तुम्ही वेगळं कसं काढता? योजना आहे ती कमावता माणूस गेल्यावर उघड्यावर पडलेल्या घरासाठी. मुलाच्या आईचं लग्न वैध की अवैध, याचा त्या हेतूशी संबंध नाही. हे समानतेच्या विरुद्ध आहे.

पुढे २४ फेब्रुवारी २०२२ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, मुकेश कुमार प्रकरणात, तेच पुन्हा सांगितलं आणि राज्यघटनेच्या कलम १६(२) चा आधार दिला. सरकारी नोकरीत वंशावरून भेदभाव करता येत नाही, त्यात हेही येतं.

दोन्ही प्रकरणं रेल्वेची, पण तत्त्व घटनेचं. राज्य सरकारचं कार्यालय त्यातून सुटत नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. या निकालांनी नोकरी दिली नाही, विचार करायला लावलं. अनुकंपा हा हक्क नाही हे नागपाल प्रकरणात १९९४ सालीच ठरलंय. घराची हलाखी, पात्रता, रिक्त जागा, प्रतीक्षायादी हे सगळं राहतंच. बंद झालंय ते फक्त "दुसरीचा म्हणून नाही" हे कारण.

माजी_रेल्वेवाला
शमी ताईंनी लिहिलंय ते परिपत्रक मी टेबलावर वापरलेलं आहे. आमच्या कार्मिक शाखेत अर्ज आला की आधी पास घोषणापत्र काढायचं, त्यात कुटुंबाची नावं असतात. दोन बायका दिसल्या की फाइलवर लाल शेरा. अर्ज करणारा मुलगा बाहेर बाकावर बसलेला असायचा, त्याला आत काय चाललंय याचा पत्ता नसायचा. बापाने दुसरं लग्न केलंय हे काहींना त्या दिवशी आमच्याकडूनच कळलं. ते चेहरे अजून आठवतात.

२०१० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एवढ्यापुरतं रद्द केलं होतं. तरी इतर ठिकाणी नकार जातच राहिले. वरचा निकाल उजवा असला तरी खालच्या टेबलाला तो कोणीतरी दाखवावा लागतो. म्हणून भावाला सांगा, अर्जाला निकालाची प्रत जोडायची आणि त्यातला महत्त्वाचा परिच्छेद पेनाने अधोरेखित करायचा. खरंच उपयोग होतो.

सरळरेष
माझं मत वेगळं आहे, आणि मुलाबद्दल मला आकस नाही.
सरकारी कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांनी दुसरं लग्न मना आहे. त्या माणसाने नियम मोडला, जिवंतपणी लपवला, आणि मेल्यावर त्याच नोकरीचा लाभ दुसऱ्या घराने घ्यायचा? मग नियमाला अर्थ काय राहिला? आणि अनुकंपाची जागा एकच असते. ती एकाला मिळाली की दुसऱ्याची गेली. यादीत कितीतरी जण वर्षानुवर्षं थांबलेत, पंचेचाळीस उलटली की नाव गळतं. त्यांचाही विचार करा.

चांदा_ते_बांदा
@सरळरेष, नियम मोडला कोणी? बापाने. त्याच्यावर कारवाई करायला खात्याला त्याची पूर्ण नोकरी मिळाली होती. केली नाही. आता तो नाही म्हणून पोराकडून वसूल करायचं का?

आमच्याकडे कोळसा पट्ट्यात हा विषय घरोघरी. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, वसाहतींमध्ये माणूस गावाकडे एक संसार आणि खाणीवर दुसरा असा जगलेला असतो. कामगार गेला की गावाकडची बाई कागद घेऊन येते, क्वार्टरमधली बाई कागद घेऊन उभी असते. वेतन करारातच वारसाला नोकरीची तरतूद आहे, त्यामुळे भांडण आणखी पेटतं. मुलगा लहान असेल तर सज्ञान होईपर्यंत नाव राखून ठेवतात, त्याला लाइव्ह रोस्टर म्हणतात. त्या यादीत नाव कुणाचं लागणार यावर भाऊ भावाचं तोंड बघत नाही.

२००८ सालचा विद्याधरी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वेकोलिच्याच एका कामगाराचा आहे, मध्य प्रदेशातला. पहिली पत्नी कायदेशीर, पण भविष्य निर्वाह निधीला नाव दुसरीचं आणि चार मुलं दुसरीची. कोर्टाने वारसा प्रमाणपत्र दुसरीच्या हाती दिलं, आणि पहिलीचा एक पंचमांश वाटा सांभाळण्याची अट घातली. म्हणजे कोणालाही उघड्यावर टाकलं नाही. मला तो निकाल फार माणुसकीचा वाटतो.

राधाक्का
सहमत. बाळंतपण करायला गेलं की कुणी विचारतं का, बाई तू पहिली की दुसरी? पोर ते पोर.

पहिलीची_लेक
हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं.
मी दुसऱ्या बाजूची. माझे वडील सरकारी नोकरीत होते. मी सहा वर्षांची असताना ते दुसऱ्या गावी बदलून गेले आणि तिथेच राहिले. आईने घटस्फोट दिला नाही, मागितलाही नाही. ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय "नोकरी" लिहिताना मला लाज वाटायची, कारण पायात चप्पल नसायची.

वडील गेले तेव्हा अनुकंपाचा अर्ज त्यांच्या दुसऱ्या मुलाने केला. माझं लग्न झालेलं होतं. कार्यालयातून आईकडे ना हरकत मागायला माणूस आला. अक्षरशः स्टॅम्प पेपर आणि शाईचं पॅड घेऊन. आईने विचारलं, "मी हरकत कशाची घेऊ? मला कधी काही दिलं होतं का?" आणि अंगठा केला.

त्या मुलाला नोकरी लागली. त्याचा राग नाही मला, तो माझा भाऊच आहे, दिसतोही वडिलांसारखा. पण तुम्ही सगळे "दुसरीच्या मुलाचा काय दोष" म्हणता तेव्हा पहिलीच्या मुलीचा काय दोष होता तेही एकदा म्हणा. त्याला निदान वडिलांचा पगार मिळाला होता. वडील तर मिळालेच.

गोदाकाठ
@पहिलीची_लेक, तुमचं वाचून मी बराच वेळ काही टंकू शकले नाही. आमच्या पहिल्या मामींचा विचार मी धाग्यात केला नव्हता हे खरं. त्यांची मुलगी माझी मामेबहीणच, पण आमच्याकडच्या एकाही लग्नात तिला बोलावलेलं मला आठवत नाही. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

वकील_शमी
@पहिलीची_लेक, तुमच्या आईकडून कुणी अंगठा घेताना तिला तिचे हक्क सांगितले का? सांगायला हवे होते. सगळ्यांसाठी लिहिते:

नोकरी आणि निवृत्तिवेतन हे वेगवेगळे. कुटुंब निवृत्तिवेतनात कायदेशीर पत्नी म्हणजे पहिली. लग्न रद्दबातल असेल तर दुसरीला ते मिळत नाही, आपल्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. मुलांचा वाटा मात्र राहतो: २००० सालच्या रामेश्वरी देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसरीच्या मुलांना ग्रॅच्युइटीत वाटा आणि सज्ञान होईपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतनात हिस्सा दिला, दुसरीला स्वतःला काही नाही. म्हणजे नोकरीसाठी दिलेली ना हरकत ही पेन्शनची ना हरकत नव्हे. अनेक ठिकाणी एकाच कागदावर दोन्ही लिहून घेतात. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा करू नये.

पहिलीची_लेक
पेन्शन आईला मिळते. ते मी भांडून करून घेतलं.

राधाक्का
शाब्बास गं बाई.

सोलापुरी_चादर
माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्या नात्यात पालिकेत सफाई कामगार गेला, त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुलाला लगेच घेतलं. मग इथे का अडवतात?

पाटील_उदगीरकर
ते प्रकरण वेगळं. सफाई कामगारांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने नेमणूक मिळते, त्याचा शासन निर्णय निराळा. अनुकंपाची प्रतीक्षायादी निराळी. लोक दोन्ही एकच समजतात आणि चुकीच्या कागदाच्या मागे वर्ष घालवतात.

तात्या_सातारकर
जरा विषयांतर करतो. "देवळात लग्न" वाचून आठवलं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला भाऊराव लोखंडे खटला आपल्याच महाराष्ट्रातला. दुसरं लग्न गांधर्व पद्धतीने झालं होतं, आणि न्यायालय म्हणालं की आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध नाही, तेव्हा हे लग्नच नव्हे, आणि लग्न नव्हे म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नाही. मुंबई इलाख्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ पासून होता, तरी बाईला न्याय कुठे अडकला पाहा. सप्तपदी झाली नाही एवढ्यावर नवरा सुटला.

सरळरेष
तात्या, म्हणजे तेच विधी आता उलटे फिरणार. गोदाकाठ यांच्या मामेभावाला बापाचं लग्न "लागलं" होतं हे दाखवावं लागेल, नाहीतर कलम १६ तरी कुठून लागणार? ते कलम लग्नातून झालेल्या मुलांसाठी आहे.

वकील_शमी
@सरळरेष, मुद्दा बरोबर पकडलात. म्हणून पुरावे गोळा करा: लग्नाचा फोटो, पत्रिका असेल तर ती, लग्न लावणाऱ्या गुरवाचं किंवा हजर असलेल्यांचं प्रतिज्ञापत्र, मुलाचा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड. सगळ्यात वजनदार म्हणजे मामांच्या सेवापुस्तकातली कुटुंबाची नोंद आणि नामनिर्देशन. त्यांनी स्वतः मुलाचं नाव लिहिलं असेल तर अर्धं काम झालं.

आणि आणखी एक दार आहे. ज्या समाजात पंचांसमोर काडीमोड घ्यायची रूढी आहे, तिथली सोडचिठ्ठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने राखलेली आहे. ती मान्य झाली तर पहिलं लग्न तेव्हाच संपलं आणि दुसरं पूर्ण वैध. पण अशी रूढी आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं, नुसता स्टॅम्प पेपर पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये यमनाजी जाधव प्रकरणात हेच सांगितलं. हा रस्ता दिवाणी न्यायालयातून जातो, लांबचा आहे, आणि त्यात पहिल्या मामींचं निवृत्तिवेतन जाऊ शकतं. म्हणून नोकरीसाठी त्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत. कलम १६ पुरेसं आहे.

गोदाकाठ
ताई, हे मनापासून पटलं. मामीलाही विचारलं, ती म्हणाली, "त्यांची पेन्शन मला नको, माझ्या पोराला फक्त उभं राहू द्या."

सेवापुस्तकात मामेभावाचं आणि धाकटीचं, दोघांचीही नावं आहेत. मामांनी घरी झेरॉक्स ठेवली होती. पहिल्या मामींच्या मुलीचंही नाव आहे, सगळ्यात वर. मामेभावाचा जन्म २००३ चा, धाकटी २००८ ची.

माजी_रेल्वेवाला
गोदाकाठ, थांबा. एकूण अपत्यं तीन? आणि तिसरं २००१ नंतरचं?

वकील_शमी
हो, मीही तिथेच अडखळले. महाराष्ट्र शासनाचा २८ मार्च २००१ चा शासन निर्णय आहे: ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर त्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला अनुकंपा नाही. आस्थापना शाखेने तोंडी "दुसरीचा" म्हटलं असलं, तरी लेखी उत्तरात ते ही लहान कुटुंबाची अट पुढे करतील अशी दाट शक्यता. तिथे त्रिपाठी निकाल थेट कामाला येत नाही, कारण ही अट एका बायकोच्या तीन मुलांनाही लागते.

पण लढायला जागा आहे. ज्या घराला मदत हवी आहे त्या घरात मुलं दोनच. तिसरं मोजण्यासाठी दुसऱ्या घरातली, आजोळी वाढलेली, लग्न झालेली मुलगी धरावी लागते. "कुटुंब" म्हणजे कोण, हे हलाखी ठरवताना एका मापाने आणि अपात्र ठरवताना दुसऱ्या मापाने मोजता येईल का? हा प्रश्न मॅटपुढे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे) नेण्यासारखा नक्की आहे. निकाल काय लागेल याची हमी मी देणार नाही.

चांदा_ते_बांदा
धाकटीचा जन्म झाला म्हणून थोरल्याची नोकरी गेली, असं त्या मुलीला आयुष्यभर वाटत राहील. तिच्यासमोर हा हिशोब करू नका रे कोणी.

सरळरेष
या अटीबाबत मीही तुमच्या बाजूचा आहे. बाप हयात असताना नियम मोडण्यापासून त्याला रोखायला अट ठीक. तो गेल्यावर ती कुणाला रोखते?

आणि @पहिलीची_लेक, तुमची पोस्ट वाचल्यावर माझं आधीचं मत तसंच आहे, फक्त त्यात भर पडली. नियम मोडणाऱ्याच्या पगारातून पहिल्या घराला पोटगी तेव्हाच कापून दिली असती, तर हे दोन्ही घरांचं भांडण स्टॅम्प पेपरवर आलंच नसतं.

पहिलीची_लेक
हे मात्र खरं बोललात.
गोदाकाठ, एक सुचवू? तुमच्या मामेबहिणीकडे ना हरकत मागायला कार्यालयाचा माणूस पाठवू नका. भावाला घेऊन तुम्ही स्वतः जा. कागद नंतर काढा. तिला आधी विचारा ती कशी आहे.

गोदाकाठ
रविवारी जातोय. मामेभाऊ स्वतःहून म्हणाला, "ताईला मी कधी पाहिलंच नाही."

अर्ज आज आवक शाखेत दिला, पोच मिळाली. घेत नव्हते, पण भावाने अधोरेखित केलेला निकाल समोर ठेवला तेव्हा घेतला. माजी_रेल्वेवाला काका, धन्यवाद.

वकील_शमी
उत्तम. आता सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत माहिती अधिकारात मागा, घरची झेरॉक्स पुरणार नाही. लेखी नकार आला की त्यावरची तारीख मला कळवा, मॅटची मुदत त्या दिवसापासून धावते. आणि धाकटी अज्ञान आहे, तिचा ग्रॅच्युइटी आणि कुटुंब निवृत्तिवेतनातल्या हिश्शाचा अर्ज वेगळा करा. या नोकरीच्या फाइलला तो जोडू नका, नाहीतर दोन्ही एकत्र पडून राहतील.